जिवंत माणसाचं पान

१

मधुकरराव लांजेवारांना स्वतःच्या गावाची किळस यायची. हे ऐकून त्यांचे वाचक माझ्या अंगावर धावून येतील. येऊ द्या. ज्या माणसानं जर्मनीत बसून भंडाऱ्याच्या मातीवर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या, ज्याच्या पुस्तकात धानाच्या बांधीतला चिखलसुद्धा घमघमतो, तो माणूस लाखनीला गाडीतून उतरला की आधी काय करायचा, तर नाकाला रुमाल लावायचा. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, उसाच्या चोथ्यावर घोंघावणाऱ्या माशा, हायवेवरच्या ट्रकांचा धूर. पुस्तकात सगळं चालतं हो. बुटाला लागलं की नाही चालत.

दर खेपेला त्यांचा नेम ठरलेला होता. बाटलीबंद पाण्याचा खोका, स्वतःचा चमचा, हात पुसायचे ओले कागद आणि बसायला खुर्ची, कारण गुडघे आता मांडी घालू देत नव्हते. धाकटा भाऊ तुलाराम घरची धानशेती बघायचा. त्याची बायको रुपा मुकाट्यानं खुर्ची आणून ठेवायची. या दोघांची मुलगी गुड्डी भंडाऱ्याला कॉलेजात जायची. मोठेबाबांचा चमचा उकळत्या पाण्यातून काढताना ती तोंड फिरवून हसून घ्यायची.

दिवेलागणीच्या आत ते भंडाऱ्याच्या हॉटेलात मुक्कामाला निघून जायचे. या खेपेला मात्र मधुकरराव गरजेपोटी, घरीच राहायला आले होते. अडला हरी, म्हणतात ना, त्यातली गत.

"दूर गेलं की गाव जिभेवर येतं," असं ते प्रत्येक मुलाखतीत सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय सुंदर बोलतो माणूस! पण ती अगदी साधी, खरी गोष्ट होती. श्टुटगार्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कशालाच वास नव्हता. खिडकीबाहेर बर्फ, आत स्वच्छ पांढऱ्या भिंती. दुपार कलली की टेबलाशी बसलेल्या मधुकररावांच्या तोंडात आपोआप चव यायची. गरम भाताची, लाखोळीच्या वरणाची, कधी झिंग्याच्या चटणीची. चव आली की मागोमाग वाक्यं यायची. बायको म्हणायची, लिहिताना तुमचे जबडे हलतात. ते त्याला प्रतिभा म्हणायचे. माणूस कशालाही काहीही नाव देतो.

मग दोन वर्षांपूर्वी आई, गोदावरीबाई, वारली आणि ती चव नासली. टेबलाशी बसलं की तोंडात आंबलेल्या भाताचा कुबट वास. तिथल्या डॉक्टरांनी दात, हिरड्या, घसा सगळं तपासलं आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं. त्या चवीवर लिहिलेली कादंबरी प्रकाशकानं परत केली. "राग मानू नका मधुकरराव," तो फोनवर म्हणाला, "पण हे वाचताना मळमळतं."

कादंबरी गेली तर मधुकरराव कोण उरणार होते? गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आराखडे तपासणारा, निवृत्तीला टेकलेला एक परका माणूस. तिथले लोक त्यांचं नावसुद्धा धड घेत नव्हते. लेखक म्हणून जी काही पत होती ती इकडेच होती, आणि तीच हातची चालली होती. तेवढ्यात तुलारामचा फोन आला. "दादा, या अक्तीले येऊन जाय. एक काम हाय, ते तुह्याच हातचं हाय." अक्ती म्हणजे अक्षय तृतीया, पितरांना जेवू घालायचा दिवस. मधुकररावांनी तिकीट काढलं. मनात म्हटलं, गावात राहिलं तर चव सुधारेल कदाचित.

२

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला रुपानं ताटं वाढली. मधुकररावांना टेबलखुर्ची, बाकीच्यांना खाली पाट. भात वाफाळत होता, वरणावर लसणाची फोडणी होती. घरात माणसं चार आणि रुपानं ताटं मांडली पाच. पाचव्या ताटात तिनं कालचा भात टाकला, त्यावर पातेल्याच्या बुडाची खरवड, वर पाणचट वरण. ताटावर परात उपडी घातली, पदर नाकाला लावला आणि ती परसाकडच्या जुन्या धानाच्या खोलीकडे निघून गेली. कडी वाजली. ताट जमिनीवरून सरकवल्याचा आवाज आला. परत कडी वाजली.

"कुत्रं पाळलं का रे?" मधुकररावांनी विचारलं.

तुलाराम घास चावत राहिला. गुड्डीनं आईकडे पाहिलं. रुपा हात धूत होती, जरा जास्तच वेळ धूत होती.

"जेवा जी भाऊजी," ती म्हणाली. "थंडं होऊन राहिलं."

मधुकररावांनी पहिला घास घेतला, आणि मागून तो आवाज सुरू झाला.

चपचप, चपचप. कुत्रं असं खात नाही, कुत्रं घाईत असतं. हा तोंड उघडं ठेवून, सावकाश, चवीनं खाणारा कोणीतरी होता. मधेच थांबायचा, बोटं चोखायचा, घशातून घरघर काढायचा, पुन्हा सुरू. असल्या माणसाशेजारी पंगतीत बसायची वेळ आली तर आपण पान सोडून उठू.

आणि मधुकररावांच्या तोंडातला गरम भात, रुपानं आत्ता वाढलेला ताजा भात, आंबट लागला. कालचा लागला. करपलेल्या खरवडीची चव जिभेला चिकटली. त्यांनी घास ओल्या कागदात थुंकला. मागचा आवाज मात्र ताट चाटून संपेपर्यंत चालू होता.

३

सकाळी रुपा मोरीच्या दगडावर भांडी घासत होती. ते एक ताट बाजूला, मातीत पडलेलं होतं. ते तिनं हातानं उचललं नाही, काडीनं ओढलं, वरून राख टाकली आणि नारळाच्या शेंडीनं लांबूनच घासायला लागली. राख पडायच्या आधी मधुकररावांनी ताट पाहिलं होतं. लख्ख चाटलेलं होतं. जिभेचे पट्टे वाळून चकाकत होते, रुंद, माणसाच्या जिभेचे. कडेला एक पिकलेला केस लाळेनं चिकटला होता.

ते मोरीपासून मागे सरकले. "रुपा, खरं सांग. मागे कोण जेवतं?"

रुपानं डोक्यावरचा पदर सारखा केला. जेठाशी तोंड वर करून बोलायची तिला सवय नव्हती. ती ताटाकडे बघतच म्हणाली, "तुमीच जेवता जी."

"काय?"

"आई सांगे, तुमी तिकडं गेले ना, त्या साली अक्तीले आईनं पितराईची पानं मांडली. मामंजीचं मांडलं, आजेसासऱ्याचं मांडलं. आन् मंग रडत रडत तुमचं बी मांडलं. मने, माहा मधू बी त घरी नाई, तो तिकडं काय खात असन बाप्पा! सारे वरडले. जिवंत मानसाचं पान पितराच्या पंगतीत कोनी मांडते का? पन आई ते आई. ऐकते कोनाचं?"

"मग?"

"बाकीच्या पानाईले कावळे शिवले. तुमचं पान कोनी चाटून ठेवलं होतं. दुसऱ्या रोजी दिवेलागनीले धानाच्या खोलीतून जमीन खरवडल्याचा आवाज. आईनं ताट नेऊन ठेवलं. तवापासून रोज नेत होती."

मधुकररावांनी हसायचा प्रयत्न केला. तुलाराम गोठ्याकडून येऊन दाराशी उभा होता, तो हसत नव्हता.

"आई त दाराशी बसून त्याच्यासंगं गोष्टी सांगे दादा," तो म्हणाला. "आज कोनाची म्हैस व्याली, तलावात कोनती पोट्टी बुडाली, मोहाडीच्या बाजारात कोन कोनाले काय बोलला. तासनतास. तुह्या पुस्तकाइत जे जे हाय ना, ते आईनं त्या दाराले सांगतलेलं हाय. मी वाचतो त मले आईचाच आवाज ऐकू येते."

मधुकररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. किती कौतुक झालं होतं त्यांच्या त्या निरीक्षणाचं! इतक्या लांब राहून या माणसाला गावातलं पानसुद्धा हललेलं कसं कळतं, म्हणून परिसंवाद झाले होते.

"आई गेली आन् ते माह्या गळ्यात आलं," रुपाचा आवाज चढला. "मले किळस येते भाऊजी. मी सिळंपाकं टाकते, खोटं कायले बोलू. पोट्टीले पाहाले पवनीचे पाव्हने आले होते. पोहे खाऊन राहिले आन् मांगून हे चपचप सुरू. त्याहीनं पुसलं, आत कोन हाय? आता काय सांगू, जेठ हायेत मनू? जे गेले ते आलेच नाईत. या घरात पोरीचं लगन होईन का?"

गुड्डी आत होती, पण ऐकत होती. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"आई जाता जाता बोलली," तुलाराम म्हणाला. "मधूले त्याच्या पानावर बसवा. त्यानं सोताच्या हातानं त्याचं पान खाल्लं का हे सुटन. तीन दिवसानं अक्ती हाय. एवढंच काम हाय दादा. चमच्यानं नाई. खाली बसून, हातानं."

४

मधुकरराव इंजिनिअर होते. मुंगूस असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. उदमांजर असेल. जिभेचे पट्टे काय, उंदरांचेही दिसतात. केस कोणाचाही असतो. तोंडातली चव म्हणजे पित्त. दिवसभर कूलरसमोर बसून त्यांनी एकेका गोष्टीला एकेक कारण चिकटवलं. संध्याकाळ होईपर्यंत सगळं नीट बसलं होतं.

मग दिवेलागणीला ते परसात जाऊन धानाच्या खोलीबाहेर उभे राहिले.

खोली घराच्या अंगालाच होती, दार परसात, मागची भिंत अंगणाकडे. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, एक ठेंगणं फळ्यांचं दार, बाहेरून लोखंडी कडी. धान आता दुसऱ्या पक्क्या खोलीत ठेवायचे, इकडे कोणी फिरकत नव्हतं. दाराजवळ वास होता. उंदराच्या मुताचा, भिजलेल्या कोंड्याचा, आणि त्याखाली आणखी एक. तो त्यांनी लगेच ओळखला आणि ओळखल्याचा त्यांना राग आला. झोपेतून उठल्यावर आपल्याच उशीला येतो तो वास. न धुतलेल्या, ओळखीच्या अंगाचा.

रुपा आली. त्यांना बघून दचकली. कडी काढली, दार वीतभर ढकललं, मान दुसरीकडे करून ताट पायानं आत सरकवलं, दार ओढलं, कडी घातली. आत बघायचं नाही हे तिच्या हातापायांत मुरलेलं होतं. ती भराभर निघून गेली.

दोन फळ्यांच्या मधे फट होती. मधुकररावांनी नाक दाबून डोळा लावला.

अंधार. अंधारात ताटाची कड तेवढी चमकत होती. मग एक हात आला. डावा. पांढराफटक, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला, मऊ, सुजट. बोटांच्या सांध्यांत जुनं अन्न वाळून बसलं होतं. त्या हातानं ताटाची कड धरली आणि ताट आत ओढलं. अंगठ्याचं नख मधोमध उभं दुभंगलेलं होतं आणि दोन्ही फाका वाढून आत वळल्या होत्या.

मधुकररावांनी स्वतःचा डावा अंगठा मुठीत लपवला. लहानपणी धान कापताना विळा लागला होता. नख दुभंगलं ते कधी जुळलं नाही. श्टुटगार्टमध्ये ते त्याची फार निगा राखायचे, कानस मारून, मलम लावून.

आत चपचप सुरू झाली आणि इकडे त्यांच्या तोंडात शिळं वरण भरलं. ते कोंबड्यांच्या खुराड्याशी जाऊन ओकले. जे बाहेर पडलं त्यात भाताची शितं होती. दुपारपासून त्यांनी बिस्किटांशिवाय काही खाल्लं नव्हतं.

हात पुसता पुसता त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. हात नाही, नख नाही. आपल्या पुस्तकांची ओळीनं लावलेली रांग. आयुष्यभर आपण उष्टं लिहीत होतो. कोणाच्या तरी तोंडातला घास आपल्या तोंडात यायचा आणि आपण तो कागदावर उतरवायचो. आयत्या पिठावर रेघोट्या. त्यांना स्वतःची इतकी घाण वाटली की आंघोळ करून, पुन्हा आंघोळ करूनही अंग चिकट वाटत राहिलं.

५

इथे एखादा भला माणूस काय करेल? अक्तीची वाट बघेल, पान खाईल, मोकळा होईल आणि घरच्यांना मोकळं करेल. मधुकरराव भले नव्हते असं नाही. पण ते लेखक होते आणि दोन वर्षं उपाशी होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपाच्या हातातलं ताट त्यांनी काढून घेतलं. शिळा भात उकिरड्यावर टाकला. स्वतः गरम भात वाढला, वर तूप सोडलं, लाखोळीचं वरण, तळलेली मासळी, लोणच्याची फोड. ताट घेऊन ते स्वतः मागे गेले, मान फिरवून आत सरकवलं आणि कडी घालून समोरच्या खोलीत लॅपटॉपसमोर येऊन बसले.

चव आली. काय चव आली! पहिल्यांदा तूप, मग भाताचा गोडवा, मग मासळीचा खरपूस कड. डोळ्यांत पाणी आलं. मागोमाग वाक्यं आली, धरणाचं दार उघडावं तशी. मधुकरराव लिहीत सुटले. मागून चपचप येत होती आणि त्या तालावर त्यांची बोटं चालत होती. एकदा त्यांच्या ध्यानात आलं की आपली लाळ हनुवटीवरून खाली गळते आहे. त्यांनी ती मनगटानं पुसली आणि पुढचं वाक्य लिहिलं. थांबले तेव्हा एक पूर्ण प्रकरण झालं होतं. वाचून पाहिलं. असं त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

सकाळी त्यांनी तुलारामला अंगणात गाठलं. तारेवर त्यांचा निळा सदरा वाळत होता, रुपानं नुकताच धुतलेला.

"तुलाराम, ते बंद नको करू रे. एवढी कादंबरी होऊ दे."

तुलारामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "दादा, तू काय बोलून राहिला? उद्या अक्ती हाय."

"पुढच्या अक्तीला बसतो. शब्द देतो. फक्त ताजं वाढा त्याला. आणि आईसारखं कोणी दाराशी बसून चार गोष्टी सांगितल्या तर... गुड्डी सांगेल. तिला येतं छान बोलता."

दारात उभ्या असलेल्या रुपाच्या तोंडून "आता गं माय!" निघून गेलं. गुड्डी मागे सरली.

"माह्या पोरीले त्या दाराशी बसवाचं?" तुलाराम हळू आवाजात म्हणाला. "पुस्तकासाठी? अबे तू मानूस होय का कोन होय?" मोठ्या भावाला तो जन्मात पहिल्यांदा अबे म्हणाला होता. मग त्याचेच डोळे भरले. "तू गेला तवा मी लहान होतो. मले आठोते, तू मले खांद्यावर बसवून तलावाच्या पाळीवर नेत होता. तो कुठं गेला दादा?"

मधुकररावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी हे कुठल्या प्रकरणात घालता येईल तेही त्यांना सुचलं.

६

अक्तीचा दिवस उजाडला. सकाळपासून वडे तळले जात होते, शेवया शिजत होत्या, कैरीचं पन्हं माठात गार होत होतं. अंगण शेणानं सारवलेलं, मधे निखाऱ्यांवर तूपगुळाचा धूप. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या रुपानं मांडल्या. एक वडलांची, तिच्यावर बसायला शेजारचे म्हातारे केशवराव आले होते. पितरांच्या जागी कोणीतरी जेवावं लागतं. एक आईची, तिच्यावर त्यांची बायको सुमनबाई. आणि पंगतीच्या टोकाला एक, मधुकररावांची.

"बसा जी भाऊजी," रुपा म्हणाली. तिनं हात जोडले होते. "पाया पडते तुमच्या. पोरीसाठी बसा."

मधुकररावांनी पानाकडे पाहिलं. हिरव्या पानावर वडे, शेवया, भाताची मूद. खाली बसायचं, हात घालायचा, संपलं. आणि मग? मग श्टुटगार्टची ती खोली, पांढरी भिंत, आणि तोंडात काहीच नाही. कधीच नाही.

"माझं पोट बिघडलंय," ते म्हणाले. "तुम्ही उरका."

केशवराव म्हातारा बघतच राहिला. "मधू, वाढलेलं पान सोडून जाऊ नोको रे बाबू," तो म्हणाला. "रिकामी जागा रिकामी राहात नाई."

पण मधुकररावांच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. सगळे अंगणात गुंतलेले, आज दिवेलागणीला मागे कोणी ताट नेईल याचा भरवसा नव्हता. त्यांनी स्वैपाकघरात जाऊन एका ताटात वडे भरले, शेवयांचा वाडगा ठेवला आणि मागच्या दारानं परसात गेले. कडी काढली. कोणी पाहू नये म्हणून आत शिरून दार ओढून घेतलं. किळस होतीच, पण आता ती सवयीची झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते.

"घे," ते अंधारात म्हणाले. "ताजं आहे."

कोणी हात पुढे केला नाही.

डोळे सरावले. कवेलूतून उन्हाची तिरीप येत होती. कोपऱ्यात भुशावर माणसाच्या अंगाचा खळगा पडलेला होता, भिंतीवर डोकं टेकून टेकून तेलकट डाग. खळगा रिकामा होता. त्यांनी हात लावून पाहिलं. अजून ऊब होती.

बाहेर पावलं वाजली. रुपाच्या बांगड्या वाजल्या. राखेचं घमेलं टाकून परत जाताना तिला कडी उघडी दिसली असावी. तिनं आत पाहिलं नाही, ती कधीच पाहत नसे. कडी घातली आणि गेली.

"रुपा!" मधुकररावांनी हाक मारली.

निदान मारायची होती. तोंड उघडलं आणि तोंडात वडा भरला. त्यांनी ताटाला हातही लावला नव्हता, पण गरम, तेलकट, चावलेला वडा त्यांच्या गालांत दाटला. तो गिळतात तोवर शेवयांचा घास. ओठांतून जो आवाज निघाला तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. चपचप.

अंगणाकडच्या भिंतीत एक फट होती. ते तिकडे रांगत गेले.

७

अंगणात पंगत बसली होती आणि टोकाच्या पानावर कोणीतरी बसलेलं होतं. पाठ इकडे. अंगात त्यांचा निळा सदरा. गुडघ्यांचा काही त्रास नाही, छान मांडी घातलेली. हातानं भात कालवून मोठमोठे घास चालले होते. कोपरापर्यंत ओघळ.

"घ्या ना जी भाऊजी, अजून एक वडा घ्या," रुपा वाढत होती. रडत होती आणि हसत होती.

"दे वं बाई दे," तो आवाज म्हणाला. आवाज मधुकररावांचा. पण बोली ती, जी ते तिकडे राहून कधीच विसरले होते. "किती सालं झाले असं बसून जेवलो नाई. काबे तुल्या, पाळीवरच्या जांभळीले अजून जांभळं येतेत का? का तूच खाऊन टाकतं सारे?"

तुलाराम घास हातात धरून हुंदके देत होता. "दादा," तो म्हणाला, "तू पयल्यासारखा बोलून राहिला रे. बिलकुल पयल्यासारखा."

"मंग काय! बसलो ना पानावर. उद्या जाचं हाय मले, विमान हाय. पन पोरीच्या लगनाले येईन, बायकोले घेऊन येईन. गुड्डे, ये इकडं, बस मोठेबाबाजवळ."

गुड्डी जाऊन बसली. तिनं हसून त्याच्या पानावर शेवया वाढल्या. घास चावता चावता त्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली, सावकाश, धानाच्या खोलीकडे. गाल दिसला. चावताना हलणारा जबडा दिसला, कानापर्यंत तेलानं माखलेला. मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते तोंड बघायचं नव्हतं. तोंडात मात्र घासामागून घास भरत राहिले आणि ते गिळत राहिले, ओरडता येईना म्हणून गिळत राहिले.

संध्याकाळ झाली. पंगत केव्हाच उठली होती. आता तोंडात काहीच येत नव्हतं. त्या माणसाचं पोट भरलं होतं आणि मधुकररावांना अशी भूक लागली होती, जशी कधी लागली नव्हती. त्यांनी आणलेल्या ताटाकडे रांगत जाऊन वडे खाल्ले. शेवया खाल्ल्या. वाडगा बोटानं निपटला. दारापर्यंत जाऊन पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं. घशातून घरघर निघाली.

बाहेर रुपा आणि गुड्डी भांडी घासत होत्या. भांडी जोरात वाजत होती, मोकळ्या हातानं घासल्यासारखी.

"सुटली बाप्पा एकदाची ब्याद," रुपा म्हणत होती. "आता पवनीवाल्याहीले निरोप धाडू. अक्तीनंतर मुहूर्त चांगले राहतेत."

"आई," गुड्डी म्हणाली. "आत काई वाजून राहिलं."

दोघी थांबल्या. आत मधुकरराव ताट दोन्ही हातांत धरून कडेपासून कडेपर्यंत चाटत होते. चपचप होऊ नये, हाक मारून आपली ओळख पटवावी, असं त्यांना फार वाटत होतं. पण जीभ थांबत नव्हती.

"उंदरं असतीन," रुपा म्हणाली. "ताट बंद झालं ना, जातीन आपोआप उपाशी मरून. चाल, भाऊजीले दूध नेऊन दे गरम."